सासूबाईंच्या पांढऱ्या पेशी

लग्न होऊन मी थेरगावात आले तेव्हा माझं काम नेमकं काय, हे घरात कुणालाच नीट सांगता येत नसे. नवरा चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत होता. त्याचं सोपं होतं. कंपनीचं नाव घेतलं की ऐकणारा मान डोलावायचा. माझ्याबद्दल कुणी विचारलं की तो म्हणायचा, "लॅबमध्ये आहे." मग पुढचा प्रश्न ठरलेला, "रक्त-लघवी तपासतात का?" त्यावर तो थोडा थांबून "तसंच काहीतरी" म्हणायचा आणि विषय बदलायचा.

ते अगदीच खोटं नव्हतं. रक्त लागायचंच. पिंपरीच्या बाजूला एका संशोधन संस्थेत मी प्रकल्पावर काम करत होते आणि आमचा प्रश्न होता, रक्तातल्या पांढऱ्या पेशी चालतात कशा. कुठं जखम झाली, काटा रुतून बसला, जंतू शिरले, की या पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीतून बाहेर पडतात आणि सरपटत त्या जागेपर्यंत पोचतात. त्यांना पोहता येत नाही, रक्ताचा प्रवाह तिथवर नेऊन सोडत नाही. शेवटचा टप्पा त्यांना स्वतःच पार करावा लागतो. आम्ही त्यांना काचेवर ठेवायचो, एका बाजूनं जंतूंसारखा वास देणारं रसायन सोडायचो आणि त्या कशा निघतात ते सूक्ष्मदर्शकाखाली बघायचो.

अडचण अशी की या पेशी साठवून ठेवता येत नाहीत. शरीराबाहेर काढल्या की काही तासांत त्या थकतात आणि मरतात. म्हणजे प्रत्येक प्रयोगाला ताजं रक्त, आणि ताज्या रक्ताला धडधाकट माणूस. सुरुवातीला मी नवऱ्याच्या मित्रांवर भिस्त ठेवली. ते कंपनीतले, तरणेताठे, आनंदानं हो म्हणायचे. पण त्यांची शिफ्ट दर आठवड्याला बदलायची, आणि ठरलेल्या दिवशी सकाळी फोन यायचा, "वहिनी, ओव्हरटाइम लागलाय. पुढच्या वेळी नक्की." तोवर मी सगळी द्रावणं बनवून, गरम करून बसलेली असायची.

अशाच एका सकाळी मी फोन ठेवला आणि ओट्याशी उभी राहिले. सासूबाई पोळ्या लाटत होत्या. त्या घराच्या पुढच्या खोलीत डब्यांचा व्यवसाय करायच्या. आमच्या गल्लीत आणि डांगे चौकाच्या अलीकडच्या खोल्यांमधून राहणारी एकटी पोरं, बहुतेक बीड, लातूर, परभणीकडची, कंपन्यांत कामाला असलेली, त्यांच्याकडून डबा न्यायची. त्या स्वतः बीडकडच्या. सासरे गेल्यावर मुलाला घेऊन इकडं आल्या आणि पोळपाटावरच त्यांनी त्याला डिप्लोमापर्यंत शिकवलं. आमच्या दोघींत भांडण नव्हतं आणि जवळीकही नव्हती. मीठ संपलंय, गॅस बुक केला का, एवढंच आमचं बोलणं.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही, आई. आज रक्त देणारा येत नाही."

"किती लागतंय?"

"थोडंसंच. ह्या चहाच्या कपाच्या तळाला राहील एवढं."

त्यांनी तव्यावरची पोळी उलटली. "माझं चालतंय का?"

मी त्या दिवशी नाहीच म्हणाले. घरच्या माणसाचं रक्त घ्यायचं तर परवानगीचा वेगळा सोपस्कार असतो. पण संस्थेत गेल्यावर मी आमच्या मॅडमना ते सांगितलं. मॅडम म्हणजे प्रकल्पाच्या प्रमुख. स्वच्छ, कोरड्या बोलणाऱ्या बाई, काम सोडून दुसरं फारसं न बोलणाऱ्या. त्या म्हणाल्या, "स्वतःहून विचारलंय ना? तू आग्रह केलेला नाहीस ना? मग मी समितीला विचारते." परवानगी आली. आणि एका सकाळी डब्यांची पहिली फेरी आटोपून, नेसलेली साडी बदलून, पदर खांद्यावरून घेऊन सासूबाई माझ्याबरोबर रिक्षात बसल्या.

रक्त घेणाऱ्या सिस्टरनं त्यांना सगळं समजावून सांगितलं, मराठीत, सावकाश. मग विचारलं, "काही आजार? काही औषध, गोळी चालू आहे का?"

"मला काय धाड भरलीय?" सासूबाई म्हणाल्या. "गोळी न्हाई, सुई न्हाई. बाळंतपणसुद्धा घरीच झालंय."

सिस्टर हसली. सुई टोचताना सासूबाईंनी तोंड फिरवलं नाही. नळी भरताना त्या बघत राहिल्या, भांड्यात दूध नीट पडतंय का बघावं तशा.

त्यांना वाटलं होतं, रक्त दिलं की घरी जायचं. पण पेशी वेगळ्या करून काचेवर येईपर्यंत त्या बाहेरच्या बाकावर बसून राहिल्या. मी बाहेर आले तर म्हणाल्या, "दाखव की मग."

सूक्ष्मदर्शकाच्या खोलीत अंधार ठेवावा लागतो. मी त्यांना खुर्चीवर बसवलं आणि पडद्याकडं बोट केलं. राखाडी पडद्यावर गोल गोल ठिपके होते.

"हे तर भिजवलेला साबुदाणा दिसतोय," त्या म्हणाल्या.

"थांबा जरा."

मी बारीक सुईतून रसायन सोडलं. थोड्या वेळानं सुईच्या जवळच्या ठिपक्यांचा गोलपणा मोडला. एका बाजूनं त्या पेशी पसरल्या, त्या बाजूला पातळ, हलती कड तयार झाली, मागं आखडलेली शेपटी राहिली, आणि एक एक करून त्या सुईच्या दिशेनं निघाल्या. मला ते रोजचं होतं. सासूबाई पुढं झुकल्या.

"अगं माय! ह्या माझ्या हायत?"

"तुमच्याच."

"अन् मला न विचारता चालायल्यात?"

मग त्यांनी तो प्रश्न विचारला ज्यावर आमचा सगळा प्रकल्प उभा होता. "हात न्हाई, पाय न्हाई. मग ह्यांना पुढं ढकलतंय कोण?"

मी सांगायचा प्रयत्न केला. पेशीच्या आत बारीक तंतूंची जाळी असते. पुढच्या बाजूला ते तंतू वाढत जातात आणि पेशीचं पातळ आवरण पुढं रेटतात. इतपत खूप वर्षांपासून माहीत आहे. पण आवरण त्या जाळीला घट्ट चिकटलेलं असेल, तर तंतूला नवा तुकडा जोडायला जागा कुठून मिळणार? त्यावर आमचं म्हणणं असं की पेशीच्या पुढच्या कडेला क्षारांची दारं असतात. वास लागला की ती उघडतात. सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड असे विजेचा भार असलेले कण, म्हणजे आयन, त्यातून आत शिरतात. क्षार आत आले की त्यांच्यामागून पाणी आत येतं. त्या पाण्यानं पुढची कड जराशी फुगते, आवरण जाळीपासून किंचित सुटतं, आणि त्या फटीत तंतू वाढतात. मग आवरणाला मागं यायला जागा उरत नाही. पुन्हा दार, पुन्हा पाणी, पुन्हा फट. असं करत पेशी पुढं सरकते.

हे मी त्यांना जसं इथं लिहिलंय तसं सांगितलं नाही. मीठ आणि पाणी एवढंच म्हटलं असेन.

"मिठामागं पाणी जातंच," त्या म्हणाल्या. "काकडीला मीठ लावलं की सुटतंय की."

"तिथं मीठ बाहेर असतं म्हणून पाणी बाहेर येतं. इथं मीठ आत जातं."

"म्हणजे फुगून चालतात ह्या."

"पुढच्या बाजूला. अगदी थोडं."

त्या दिवसापासून घरातलं बोलणं बदललं. संध्याकाळी डबे न्यायला आलेल्या पोरांना त्या सांगत होत्या, "आपल्या अंगात फुगून चालणारी फौज हाय, तुम्हाला ठाऊक हाय का?" पोरं "हो का मावशी" म्हणत डबा घेऊन निघून जायची. नवरा रात्रपाळीहून येऊन झोपलेला असायचा, तोही उठून ऐकायचा आणि म्हणायचा, "आई आता संशोधक झाली." त्या मात्र गंभीर होत्या. मी घरी आल्या आल्या विचारायच्या, "आज कुणाचं होतं? पळाल्या का? माझ्याएवढ्या?" एकेका माणसाच्या पेशींची तुलना करायची नसते, असं मी सांगून बघितलं. त्यांना ते पटलं नाही. पण त्या निमित्तानं मी ओट्याशी उभी राहून बोलू लागले, आणि बोलता बोलता कणीक मळू लागले. मला पोळ्या धड येत नव्हत्या. त्यांनी ते कधी म्हणून दाखवलं नव्हतं, आता म्हणून दाखवायला लागल्या. ते मला बरं वाटलं.

काही आठवड्यांआड त्या येत राहिल्या, आणि सिस्टर दर खेपेला औषधांचं तेच विचारायची. एकदा मात्र त्यांना न आवडणारी गोष्ट त्यांनी बघितली. आमच्या म्हणण्याची परीक्षा घ्यायची तर क्षारांचं दार बंद करून बघायला हवं. त्यासाठी एक औषध होतं. ते द्रावणात मिसळलं की पेशींना वास यायचा, त्या त्या बाजूला वळायच्यासुद्धा, पण पुढची कड नीट पसरायची नाही. जागच्या जागी चुळबुळायच्या. सासूबाई नेमक्या त्या वेळी आत आल्या.

"काय झालं ह्यांना?"

"दार बंद केलंय. बघतोय काय होतं ते."

"माझ्या हायत ना?"

"हो."

त्यांनी खुर्ची पडद्याजवळ ओढली. थोड्या वेळानं म्हणाल्या, "मग झालं ना बघून? सोड त्यांना."

तसंही पुढची पायरी तीच होती. मी औषध धुऊन काढलं, साधं द्रावण सोडलं. थोडा वेळ गेला आणि काही पेशी पसरल्या आणि चालू लागल्या. सगळ्या नाही. सासूबाईंनी खुर्चीला पाठ टेकली.

आमच्या दृष्टीनं तो चांगला निकाल होता. दार बंद केलं की चाल थांबते, उघडलं की सुरू होते. तो आम्हाला वेगवेगळ्या माणसांच्या रक्तावर पुन्हा पुन्हा दाखवायचा होता, आणि पुढचे काही महिने मी तेच केलं.

त्यानंतर केव्हातरी सासूबाईंच्या पेशी बिघडल्या.

पहिल्यांदा मला चूक माझी वाटली. रक्तातून पेशी वेगळ्या केल्या तेव्हा त्या नेहमीपेक्षा बऱ्याच जास्त निघाल्या. मी खूश झाले. पण काचेवर ठेवल्यावर त्या सुस्त होत्या. कुठलंही औषध घातलेलं नव्हतं, दार उघडं होतं, वास सोडला होता. काही वळल्या, काही सरकल्या, पण ती रोजची लगबग नव्हती. मी द्रावणातलं मिठाचं प्रमाण तपासलं, तापमान तपासलं, नवी काच घेतली. दुसऱ्या दिवशी नवऱ्याचा एक मित्र आला, त्याच्या पेशी त्याच द्रावणात व्यवस्थित चालल्या. पुढच्या खेपेला सासूबाईंच्या पुन्हा तशाच. जास्त, आणि सुस्त.

घरी मी त्यांना विचारलं, "बरं वाटतंय ना, आई?"

"मला? झकास. गुडघेसुद्धा दुखत न्हाईत आता."

ते खरं दिसत होतं. वर्षानुवर्षं उभं राहून पोळ्या केल्यानं त्यांचे गुडघे गेले होते, जिना चढताना त्या कठडा धरायच्या. अलीकडं धरत नव्हत्या. चेहराही भरलेला दिसत होता. शेजारीण म्हणाली होती, सुनेचं खाणं मानवलं. मी तेवढ्यावर सोडून दिलं.

रविवारी मी बाहेरच्या चपला आवरत होते. सासूबाई मंडईतून आल्या आणि दारात त्यांनी पायातल्या चपला काढल्या. त्या नवऱ्याच्या होत्या, रबरी, मोठ्या मापाच्या. त्यांच्या स्वतःच्या चपला कोपऱ्यात धूळ खात पडल्या होत्या. मी त्यांच्या पायांकडं पाहिलं. पट्ट्याचा खोल वळ उमटला होता. घोटा दिसतच नव्हता.

"आई, पाय फुगलेत."

"उभं राहून फुगतात. मेडिकलवाल्यानं पाणी उतरायची गोळी दिलीय. घेतली की लघवीला होतंय अन् उतरतंय."

"कधीपासून?"

"झाले असतील काही दिवस."

मी नवऱ्याला उठवलं. तो दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकतो म्हणाला, पण त्याची सकाळपाळी होती आणि लाइनवर माणूस कमी होता. मीच त्यांना घेऊन जवळच्या हॉस्पिटलात गेले. बाहेर बाकावर नंबराची वाट बघत बसलो होतो. त्यांनी पिशवीतून गोळ्यांची पट्टी काढून माझ्या हातात दिली. मी नाव वाचलं. ती गोळी मूत्रपिंडात क्षारांचं जे दार बंद करते, ते आमच्या पेशींवरच्या दाराचंच भावंड. प्रयोगात मी वापरत होते त्याच कुळातलं औषध.

मी उठून कोपऱ्यात गेले आणि मॅडमना फोन केला. मला वाटलं, उलगडा झाला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"ते नसणार," त्या म्हणाल्या. "ती गोळी रक्तातल्या प्रथिनांना चिकटून बसते. आणि आपण पेशी किती वेळा धुतो? त्यांच्यापाशी काही उरत नाही. तू म्हणाली होतीस ना, पेशी जास्त निघाल्या?"

"हो."

"जास्त निघाल्या आणि चालत नाहीत. पाय सुजलेत. चेहरा?"

"भरलाय."

"आणखी काहीतरी घेतायत त्या. विचार. आणि डॉक्टरांना सांग."

मी परत येऊन बाकावर बसले. "आई, गोळीशिवाय काही घेता का? काढा, चूर्ण?"

"गोळी एवढीच."

"गोळी नाही म्हणत मी. गुडघे कशानं थांबले?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग कमरेची छोटी पिशवी सोडली. कागदाची पुडी होती, आत पिवळसर पावडर. गावाकडच्या ओळखीतल्या एका बाईनं पाठवली होती, कुठल्याशा बाबाकडची. जडीबुटी. सकाळी पाण्याबरोबर चिमूटभर.

"हे सिस्टरला का सांगितलं नाहीत?"

"तिनं औषध विचारलं. हे औषध थोडंच हाय? पाला हाय नुसता."

डॉक्टर तरुण होते. त्यांनी पुडी हुंगली, बाजूला ठेवली, रक्तदाब बघितला, साखर बघितली. दोन्ही चढलेलं. मग त्यांनी सासूबाईंचा उजवा हात उलटा करून पाहिला. मनगटाच्या वर तव्याचा चटका होता. तो चटका मी रोज बघत होते. कितीतरी दिवस झाले होते, तो अजून ओलाच होता.

"हे कधी भाजलं?"

"मागं. सुकत न्हाई बघा मेलं."

डॉक्टर माझ्याकडं वळले. "यात बहुतेक स्टेरॉइड मिसळलेलं आहे. अशा पुड्यांत असतं. गुडघ्याची सूज लगेच उतरते म्हणून लोकांना गुण आल्यासारखं वाटतं. पण त्यानं अंगात मीठ आणि पाणी साठतं, साखर वाढते आणि जखम भरत नाही. खात्री करायला तपासण्या करू. पण एक ऐका, आजी, ही पुडी आजपासून बंद. आणि त्या जागी मी देतो ती गोळी, रोज, चुकवायची नाही. हळूहळू कमी करत आणायची. एकदम सगळं सोडलं तर चक्कर येऊन पडाल."

"आजी कुणाला म्हणतो?" सासूबाई पुटपुटल्या.

संध्याकाळी नवरा घरी आला तो थेट ओट्याशी गेला. मी त्याला आवाज चढवताना फारसं ऐकलेलं नव्हतं.

"आई, मला का सांगितलं नाहीस?"

"काय सांगायचं? गुडघा माझा."

"डॉक्टरकडं नेलं असतं ना."

"अन् डॉक्टर म्हणला असता, उभं राहू नका. मग पोळ्या कोण लाटंल, तू? एवढी पोरं जेवायला थांबलेली असतात."

तो आत जाऊन बसला. थोड्या वेळानं बाहेर आला आणि त्यानं कांदे चिरायला घेतले. त्याला ते येत होतं, हे मला लग्नानंतर पहिल्यांदाच कळलं.

मॅडमना मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या की स्टेरॉइडनं रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटून बसलेल्या पेशी सुटून रक्तात येतात, म्हणून नळीत जास्त दिसतात. पण त्या ऊतीत, म्हणजे वाहिनीबाहेरच्या मांसात, शिरायला निरुत्साही होतात. आणि ते धुऊन जात नाही, कारण पेशीचं वागणंच आतून बदललेलं असतं. सासूबाईंच्या बाबतीत नेमकं तेच झालं असं आपण म्हणू शकत नाही, पुडीत काय होतं ते आपण मोजलेलं नाही, असंही त्या लगेच म्हणाल्या. मग त्यांनी दोन गोष्टी ठरवल्या. पुडी सुरू असताना जे रक्त घेतलं, ते सगळे निकाल बाजूला काढायचे. आणि सासूबाईंचं रक्त यापुढं घ्यायचं नाही.

पहिली गोष्ट सोपी नव्हती, कारण पुडी नेमकी कधी सुरू झाली ते सासूबाईंना आठवत नव्हतं. "पोळा झाल्यावर" म्हणाल्या, मग म्हणाल्या, "न्हाई, आधीच." शेवटी शंकेला जागा असलेलं सगळंच काढलं. काही चांगले निकाल त्यात गेले. मी ते पुन्हा केले, दुसऱ्यांच्या रक्तावर.

दुसरी गोष्ट मी त्यांना सांगितली तेव्हा त्या डाळ निवडत होत्या.

"म्हणजे मी बाद?"

"बाद नाही, आई. तुमचं औषध चालू आहे ना."

"हे औषध संपल्यावर?"

"रक्तदाबाची गोळी चालूच राहणार म्हणालेत डॉक्टर."

"म्हणजे बादच की." त्यांनी ताट झटकलं. खडा शोधून बाजूला ठेवला. "त्या जुन्यांचं काय केलंस? माझ्या?"

"त्या त्याच दिवशी मरतात. चित्रं आहेत फक्त."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि डाळीचं ताट घेऊन आत गेल्या.

पुढचे काही महिने कठीण गेले. डॉक्टरांची गोळी कमी होत गेली तसे गुडघे परत आले, आधीपेक्षा जोरात. सकाळी पलंगावरून उतरताना त्या कण्हायच्या. जेवणात मीठ कमी करायला सांगितलं होतं, त्यामुळं घरात दोन भाज्या व्हायच्या आणि त्या आपली भाजी न खाताच उठायच्या. एकदा मी त्यांना गावी फोन लावताना ऐकलं. "पुडी न्हाई, सहज केला," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. मी विचारलं नाही.

नवऱ्यानं कणीक मळायचं यंत्र आणलं. त्या म्हणाल्या, त्याची पोळी वातड होते. झाली नाही. गल्लीतल्या दोन बायका लाटायला येऊ लागल्या, आणि सासूबाई उंच स्टुलावर बसून फक्त भाजायला लागल्या. स्टूल त्यांनी आधी दोनदा माळ्यावर टाकलं होतं. हळूहळू पाय उतरले, चेहऱ्याची हाडं परत दिसू लागली. मनगटावरचा चटका खपली धरून सुकला. एक दिवस त्यांनी स्वतःच हात माझ्यासमोर धरला.

"पोचल्या वाटतं," त्या म्हणाल्या.

मी वाकून बघितलं. नवी कातडी गुलाबी होती. "पोचल्या," मी म्हणाले.

आमचं काम पुरं होत आलं होतं, पण शेवटच्या काही प्रयोगांना माणसं मिळेनात. मधे काही महिने कंपन्यांत मंदी होती तेव्हा पोरं रिकामी असायची, आता कंपन्यांत माल जोरात होता आणि सगळ्यांना ओव्हरटाइम. मी जेवताना नवऱ्याजवळ कुरकुरले. सासूबाई ऐकत होत्या. दुसऱ्या दिवशी डबा न्यायला आलेल्या एका पोरानं मला विचारलं, "मावशी म्हणल्या, तुम्हाला रक्त लागतंय. मी येऊ का?"

मी ते मॅडमना सांगितलं. त्यांचा चेहरा आक्रसला. डबा देणाऱ्या बाईनं विचारलं तर पोरं नाही कशी म्हणणार, असा त्यांचा मुद्दा होता आणि तो बरोबर होता. मी घरी येऊन तो सासूबाईंना सांगितला.

"मी कुठं हात धरून आणायले? मी नुसतं सांगते. यायचं तर या, न्हाई तर पोळी खा अन् जा."

मॅडमनी त्यावर असं ठरवलं की सासूबाईंनी कुणाला विचारायचं नाही, ज्याला वाटेल त्यानं सिस्टरला परस्पर फोन करायचा, आणि कोण आला, कोण नाही, ते मी घरी बोलायचं नाही. सासूबाईंनी हे मान्य केलं. पण पोरांना माहिती देणं त्यांनी थांबवलं नाही, आणि ती माहिती त्या पूर्ण द्यायच्या. सुई कुठं टोचतात, किती रक्त घेतात, पेशी काचेवर कशा ठेवतात. पुढच्या बाजूनं मीठ शिरतं, त्यामागं पाणी, मग कड फुगते, मग आतले धागे वाढतात. हे त्या पोळी फुगवता फुगवता सांगायच्या आणि बहुतेक बरोबर सांगायच्या.

एका सकाळी मी संस्थेत जायला निघाले होते. पुढच्या खोलीत एक उंच पोरगा डब्याची वाट बघत उभा होता. सिस्टरनं आदल्या दिवशी कळवलं होतं की आज नवीन माणूस येणार आहे. तो हाच, हे मला त्यानंच सांगितलं, "ताई, मी येतोय आज, लॅबमध्ये."

सासूबाईंनी स्टुलावरूनच मान वळवली. "काल डोकं धरून बसला होतास तू. काही घेतलंस का?"

"एक गोळी घेतली मावशी. डोकं दुखायचं थांबलं."

"कसली?"

"माहीत नाही. दुकानातून आणली."

"अन् त्याआधी? अंगदुखीला, गुडघ्याला, पाला, चूर्ण, भस्म?"

"नाही ओ मावशी."

"आठव."

पोरगा आठवू लागला. पाठ दुखत होती म्हणून रूमवरच्या मित्रानं काहीतरी दिलं होतं, मागच्या आठवड्यात. पांढरी पावडर होती. नाव माहीत नव्हतं. सासूबाईंनी गॅस बारीक केला.

"मग तू जाऊ नको आज. आधी डॉक्टरला ती पावडर दाखव. डांगे चौकाच्या अलीकडं हायत, तरुण हायत, माणसाला आजी म्हणतेत, पण चांगले हायत."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. तो डबा घेऊन कंपनीच्या बसकडं निघाला, आणि सासूबाईंनी पुढची पोळी तव्यावर टाकली.

मला त्या दिवशी रक्त मिळालं नाही. मी मॅडमना तसं कळवलं, संस्थेत गेले आणि बनवून ठेवलेली द्रावणं परत फ्रीजमध्ये ठेवली.